लस आणायची तर डबा घेऊन जा: लक्ष्मीपुरीतलं जनावरांच्या औषधांचं दुकान

जनावरांची लस कुठं घ्यावी असं आमच्या दूध संस्थेत कुणी विचारलं की मी याच दुकानाकडं बोट दाखवते. कॅल्शियमच्या बाटल्या, जंताचं औषध, गोचिडाचं औषध, मिनरल मिक्श्चर हे कोल्हापुरात कुठंही मिळतं आणि कुठूनही घेतलं तरी फारसं बिघडत नाही. लशीचं तसं नाही. बाटली चांगली दिसते, लेबल बरोबर असतं, तारीख पुढची असते आणि तरीही आतली लस वाया गेलेली असू शकते. ते डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते काही महिन्यांनी, गोठ्यात साथ शिरल्यावर. म्हणून लशीसाठी दुकान धरताना ती सांभाळणारी माणसं कशी आहेत ते बघावं लागतं. या दुकानाला मी पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा का कापला तेही लिहिते.

आम्ही बालिंग्याच्या पलीकडचे. पाच म्हशी, दोन गाई, एक कालवड, दोन पारड्या, परड्यात कोंबड्या आणि राखणीला कुत्रा. मालक साखर कारखान्यात कामाला, त्यामुळं गोठा सगळा माझ्याकडं. संस्थेचं दहा दिवसांचं बिल निघतं त्यावर घर चालतं. लाखाच्या पुढं किंमत मोजून आणलेली मुऱ्हा म्हैस एकदा लाळ-खुरकतीत सापडली की तोंडात फोड, खुरात जखमा, चारा बंद आणि दूध आटतं ते त्या वेतात पुन्हा पहिल्यासारखं येत नाही. म्हैस वाचते, पण वेत गेलं म्हणजे वर्ष गेलं. गोठा सांभाळणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता दुकानाबद्दल. गाळा लहान आहे. समोर काउंटर, मागं औषधांची कपाटं आणि डाव्या हाताला लशींचे फ्रिज. हे फ्रिज घरातल्यासारखे समोरून उघडत नाहीत, पेटीसारखं वरून झाकण उचलायचं. समोरचं दार उघडलं की गार हवा खाली सांडून जाते, पेटीत ती तळाला टिकून राहते. वर आकडा दिसतो. मी बघते तेव्हा तो 4 ते 6 च्या मधेच असतो. लशीला 2 ते 8 अंश लागतात. शेजारी दोरीला बांधलेली वही आहे, तिच्यात सकाळ-संध्याकाळचं तापमान आणि सही. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे, आणि वीज कधी गेली, कधी आली तेही त्याच वहीत लिहिलेलं असतं. मी एकदा पानं उलटून पाहिली, कुणी अडवलं नाही. उलट दुकानदार अण्णा म्हणाले, "बघा की, त्यासाठीच ठेवलीया."

त्या फ्रिजमधे लशीखेरीज काही नसतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण दुसऱ्या एका दुकानात लशींच्या शेजारी दुधाच्या पिशव्या आणि थंड पेयाच्या बाटल्या मी स्वतः पाहिल्यात. दिवसभर दार उघडझाप. तिथं माझ्या हातात घटसर्पाच्या, म्हणजे गाई-म्हशींचा गळा सुजवणाऱ्या रोगाच्या, लशीची बाटली साध्या पिशवीत घालून दिली होती, बर्फ मागितला तर "लगेच टोचा, काही होत नाही" असं उत्तर मिळालं. ती बाटली मी घेतली नाही.

इथं पहिला प्रश्न असतो, "वैनी, डबा आणलाय का?" डबा म्हणजे थर्माकोलचा किंवा जाड झाकणाचा. नसेल तर दुकानातून मिळतो, पैसे ठेवायचे, डबा परत आणला की पैसे परत. चिठ्ठी बघून लस काढायचं काम अण्णांची सून करते. तिची एक गोष्ट मला फार आवडते. बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढले की ती ते लगेच डब्यात घालत नाही. काउंटरवर उघडे ठेवते. मग गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मधेच एक पॅक उचलून कानाशी हलवते. आत पाण्याचा आवाज आला तरच डब्यात, नाहीतर परत काउंटरवर. पॅकवर पाणी सुटलं की ते पुसायचं, कडेनं पॅक लावायचे, लस वर्तमानपत्रात गुंडाळून मधोमध ठेवायची, वर आणखी एक घडी आणि झाकणाला चिकटपट्टी.

घाईत असलेला माणूस चिडतो. माझ्यासमोर एकजण म्हणाला, "बर्फ टाका आणि द्या की." तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं की लाळ-खुरकतीची लस तेलात घोटलेली असते, कडक गोठलेल्या पॅकला बाटली चिकटली की लस गोठते, तेल-पाणी फुटतं आणि मग ती टोचून उपयोग नाही. कोंबड्यांच्या मानमोडीची लस भुकटीच्या रूपात येते, तिला गारठ्याचं एवढं भय नाही, ती उन्हानं मरते. म्हणजे "थंड ठेवा" एवढं सांगून भागत नाही, कुठल्या लशीला कशाचं भय आहे ते विकणाऱ्याला ठाऊक पाहिजे. तिला ठाऊक आहे. बी.फार्म झालेली आहे आणि शिकलेलं वापरते.

बिलावर लशीचं नाव, कंपनी, बॅच नंबर, शेवटची तारीख सगळं छापून येतं. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर लस मिळत नाही. ओळख असली तरी नाही. गावात दोन-चार जणांना याचा राग आहे. मला वाटतं हा राग चुकीच्या जागी आहे. आजारी जनावराला, अंगात ताप असलेल्या म्हशीला किंवा दिवस भरत आलेल्या गाभण म्हशीला लस द्यायची की थांबायचं हे दुकानदारानं ठरवायचं नाही आणि आपणही नाही.

मी या दुकानात येते आहे त्या काळात लशींचा कोपरा डोळ्यांसमोर वाढला. पूर्वी एकच पेटी होती आणि तिच्यात घटसर्प, फऱ्या (जनावराचा फरा सुजवणारा रोग) आणि कोंबड्यांची मानमोडी यांच्या लशी एवढंच. आता दोन पेट्या भरलेल्या असतात. शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर या साथीच्या रोगाची, आंत्रविषाराची, देवीची लस, लाळ-खुरकतीच्या एकट्या आणि घटसर्प-फऱ्यासह एकत्र अशा लशी, कुत्र्यांच्या सात-आठ रोगांच्या एकत्रित लशी, रेबीज, मांजरांच्या लशी. कंपन्याही तितक्याच. हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स, जी 1982 साली राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळानं उभी केली, तिच्या लशींची नावं आमच्याकडं सगळ्यांच्या तोंडात आहेत. हैदराबादचीच ब्रिलियंट बायो फार्मा, अहमदाबादची हेस्टर, कर्नाटकात मालूरची बायोव्हेट, कुत्र्या-मांजरांसाठी झोएटिस आणि एमएसडीसारख्या परदेशी. आणि आपली पुण्यात औंधला असलेली सरकारी पशुजैविक उत्पादन संस्था, तिच्या लशी सरकारी दवाखान्यात येतात.

हा बाजार उगाच वाढलेला नाही. माझी आजी बुळकांडीची, म्हणजे गुरांच्या एका साथीची, गोष्ट सांगायची, गोठेच्या गोठे रिकामे झाल्याची. तो रोग लशीनं गेला. 2006 साली भारत त्यातून मोकळा झाल्याचं जाहीर झालं आणि 2011 साली सगळं जग. माझ्या मुलीला बुळकांडी हा शब्दसुद्धा माहीत नाही. मग 2019 साली केंद्र सरकारनं लाळ-खुरकत आणि सांसर्गिक गर्भपाताविरुद्ध देशभर लसीकरण हाती घेतलं, पाच वर्षांसाठी 13,343 कोटी रुपये, आणि 2030 पर्यंत हे रोग संपवायचे असं ठरलं. गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, डुकरं मिळून पन्नास कोटींच्या वर जनावरं, आणि त्यांना लाळ-खुरकतीची लस वर्षातून दोनदा टोचायची. एवढी लस बनवायची म्हटल्यावर कारखाने वाढले, गाड्या वाढल्या, फ्रिज वाढले.

पण आमच्या भागात लोकांच्या मनात लस खरी बसली ती लम्पीनं, गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगानं. 2022 च्या पावसाळ्यानंतर जनावरांचे बाजार बंद झाले, गोठ्याच्या दारात चुना पडला, माणसं एकमेकांच्या गोठ्यात जायची थांबली. गाय दगावली तर सरकारनं 30 हजार, बैल गेला तर 25 हजार, वासरू गेलं तर 16 हजार अशी मदत जाहीर केली होती. ज्याचा बैल ऐन ऊसतोडीच्या तोंडावर गेला त्याला 25 हजारात दुसरा बैल कुठं मिळतो? हिसारच्या घोडा संशोधन केंद्रानं आणि इज्जतनगरच्या संस्थेनं मिळून केलेली लम्पी-प्रोव्हॅकइंड ही स्वदेशी लस 10 ऑगस्ट 2022 ला जाहीर झाली, पण ती गोठ्यापर्यंत लगेच कुठून येणार? तेव्हा गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले, म्हणून ती चालते.

त्या दिवसांत या दुकानासमोर रांग असायची आणि लोक मागेल ती किंमत द्यायला तयार होते. अण्णांनी काउंटरवर हातानं लिहिलेला कागद चिकटवला होता: लम्पीची लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आधी तिथं नाव नोंदवा. गिऱ्हाईक परत पाठवायचं आणि तेही रांग लागलेली असताना, हे मी त्या दुकानात पाहिलं आणि तेव्हापासून माझी लस दुसरीकडं गेली नाही. पुढं फेब्रुवारी 2025 मधे बायोव्हेटच्या लम्पी लशीला परवाना मिळाला. टोचलेलं जनावर कुठलं आणि रोग होऊन गेलेलं कुठलं हे रक्त तपासून वेगळं ओळखता येतं, अशी ती लस आहे. याबद्दल विचारलं तर सून नीट समजावते, पण उगाच गळ्यात मारत नाही.

फुकट काय मिळतं हे सांगायची सवय त्यांनी अजून सोडलेली नाही. "लाळीची सरकारी लस गावात येणार हाय, कानात बिल्ला मारून घ्या, पैशे कशाला घालताय?" हे मी अण्णांच्या तोंडून ऐकलंय. बिल्ला म्हणजे बारा आकडी पिवळा टॅग. त्याच्यावर जनावराची नोंद, लस कधी झाली ते सगळं संगणकावर चढतं. आमच्या कालवडीच्या वेळी सांसर्गिक गर्भपाताची लस मी विचारली, तर सरळ नाही म्हणाले. ती फक्त मादी वासराला, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच, आणि ती जिवंत जंतूंची लस असल्यानं टोचणाऱ्याच्या हाताला सुई लागली तर माणसालाच आजार व्हायचा. गाभण जनावराला दिली तर गाभडायची भीती. "दवाखान्यातच न्या, साहेबांच्या हातानंच," एवढं बोलून तारीख विसरू नये म्हणून कालवडीच्या जन्माची तारीख बिलामागं लिहून दिली.

छोट्या गोठ्याची खरी अडचण बाटलीच्या आकाराची आहे आणि यावर फार कुणी लिहीत नाही. घटसर्पाची बाटली बऱ्याच जनावरांची असते. माझ्या दहा जनावरांना टोचून उरलेली ठेवता येत नाही, एकदा सुई गेली की ती त्याच दिवशी संपवायची. कोंबड्यांचं तर आणखी अवघड. मानमोडीची इथं मिळणारी सगळ्यात लहान बाटली शंभर पक्ष्यांची, भुकटीत तिचं द्रावण घातलं की दोन तासांच्या आत संपवायची, आणि माझ्या परड्यात कोंबड्या डझनभर. मग बाया काय करतात, तर लसच देत नाहीत आणि मानमोडी आली की सकाळी खुराडं उघडायचं धाडस होत नाही.

यावर तोडगा दुकानातूनच निघाला. सुनेनं सुचवलं की गल्लीतल्यांनी मिळून एक बाटली घ्या आणि वेळ ठरवून एका जागी या. आता बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आधी आमच्या गल्लीतली म्हसरं एकाच सकाळी टोचून होतात, संस्थेचे डॉक्टर धार झाल्यावर येतात, पैसे जनावरामागं वाटून घ्यायचे. एका जनावराला एक लिटर म्हशीच्या दुधाएवढेही पैसे पडत नाहीत. कोंबड्यांच्या वेळी बाया बुट्ट्यांत पक्षी घेऊन आमच्या अंगणात जमतात. एकीनं कोंबडी धरायची, दुसरीनं डोळ्यात एक थेंब सोडायचा, कोंबडीनं पापणी मिटून उघडली की खाली सोडायची. पिल्लं तर तळहातावर मावतात. बाटली संपेपर्यंत हात थांबवायचा नाही आणि रिकामी बाटली उकळत्या पाण्यात टाकायची. हे सगळं दुकानानं एका कागदावर छापून दिलंय, मराठीत, मोठ्या अक्षरात. माझ्या सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येतं.

त्याच कागदावर आणखी एक ओळ आहे जी प्रत्येक संस्थेच्या भिंतीवर लावायला पाहिजे: लस दिल्यावर दोन-तीन दिवस दूध थोडं कमी येऊ शकतं, टोचल्या जागी गाठ येऊ शकते, घाबरू नका. आमच्याकडं लस नाकारण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. लिटरभर दूध दोन दिवस घटलं की माणूस पुढच्या खेपेला म्हैस रानात बांधून ठेवतो आणि दवाखान्याची माणसं आली की घरात नाही म्हणून सांगतो. मग साथ येते तेव्हा सगळ्या गल्लीला येते. आणि लाळ शेजारच्या गोठ्यात शिरल्यावर धावत दुकानात जाऊन काही होत नसतं, अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. हे अण्णा तोंडावर सांगतात, मग गिऱ्हाईक नाराज होवो.

कुत्र्यांच्या लशींबद्दल मला थोडंच सांगता येईल. राजारामपुरी, ताराबाई पार्काकडची मंडळी आता या दुकानात बरीच दिसतात, दुकानाची वाढ त्यांच्यामुळंही झाली असणार. कुत्र्याची लस घरी नेऊन स्वतः टोचतो म्हणणाऱ्याला ते बाटली देत नाहीत. जवळच्या डॉक्टरांकडं पाठवतात, तिथं बाटलीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात. आमच्या राखणीच्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस तिथंच दिली, आता दरवर्षी देतो. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा अंगात दिसला की माणसाला औषध नाही, आणि परड्यात पोरं खेळतात.

आता अर्धा तारा. लशींच्या किमतींचा फलक नाही, विचारल्यावर सांगतात, आणि छापील किमतीवर कुणाला किती सूट हे गिऱ्हाइकाला कळत नाही. माझी फसवणूक झालेली नाही, पण किमती भिंतीवर असाव्यात. दुसरं म्हणजे मे संपताना आणि जूनच्या पहिल्या पावसात घटसर्प-फऱ्याची लस संपते. दरवर्षी सगळे एकाच वेळी जागे होतात हे खरं, पण दुकानदाराला ते आधीपासून ठाऊक असतं, माल जास्त मागवायला हवा. फोन गर्दीच्या वेळी उचलत नाहीत, त्यामुळं लस आहे की नाही हे कळायला यावंच लागतं. आणि गाडी लावायला जागा नाही, हा दोष लक्ष्मीपुरीचा, पण दूध घालून घाईत येणाऱ्याला त्याचा ताप होतो.

नव्या कंपन्यांचे प्रतिनिधी आता गावोगाव संस्थेत येतात, भेटवस्तू देतात, दहा बाटल्यांवर एक मोफत असं सांगतात. लशींचा बाजार वाढला याचा मला आनंदच आहे, आजीच्या काळात हे काहीच नव्हतं. पण त्या अकराव्या बाटलीला फ्रिज कुठाय, असं आमच्या संस्थेच्या मीटिंगमधे मी विचारलं आणि पुढंही विचारणार. सचिवांनी मोटारसायकलच्या डिकीतून आणलेली लस आमच्या गल्लीत टोचू द्यायची नाही असं बायांनी मिळून ठरवलंय. डबा आणि बिल दाखवलं तरच म्हैस पुढं करायची.

जाणार असाल तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास जा. तेव्हा गर्दी कमी असते आणि ऊन चढायच्या आत घरी पोचता येतं. दुपारी एक ते चार दुकान बंद. चिठ्ठी, डबा आणि जनावरांची संख्या लिहून न्या, गाभण किती आणि कितव्या महिन्याची तेही. बाकीची सगळी कामं आधी उरका, लस शेवटी घ्या आणि तिथून रंकाळ्याच्या कडेनं फुलेवाडी नाक्यावरून थेट घर गाठा. घटसर्प-फऱ्याची लस हवी असेल तर मे महिन्याच्या मध्यालाच सुनेकडं नाव आणि बाटल्यांची संख्या लिहून ठेवा, ती वहीत नोंद घेते आणि नोंदवलेल्यांची लस बाजूला काढून ठेवते.